डांबरीवरून शिवारात: ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल घेणाऱ्या खान्देशकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून गाडीबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ओळीने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नेमकी कुठली गाडी? ॲडव्हेंचर टूररपेक्षा वेगळी कशी?

नंबर प्लेट, इंडिकेटर, आरसे सगळं असलेली, म्हणजे रस्त्यावर कायदेशीर चालणारी, पण कच्च्या वाटेसाठी बांधलेली गाडी. ओळखायची खूण म्हणजे पुढचं २१ इंची, मागचं १८ किंवा १७ इंची तारांचं चाक, लांब शॉकअप, अरुंद सीट आणि रुंद हँडल. ॲडव्हेंचर टूररला मोठी टाकी, मोठी काच, सामानाची सोय आणि जास्त वजन असतं. ती लांबच्या रस्त्याची गाडी, कच्चा रस्ता तिला चालतो एवढंच. पुढे नुसतं चोचीसारखं मडगार्ड लावलेल्या, १७ इंची अलॉय चाकांच्या गाड्याही शोरूममध्ये ‘ॲडव्हेंचर’ म्हणून उभ्या असतात. त्या वाईट नाहीत, पण या पानाचा विषय त्या नाहीत.

२. आमच्या गावात स्प्लेंडर सगळीकडे जाते. मग ही महागडी गाडी कशाला?

खरं आहे, जाते. ११२ किलोची गाडी, तिच्यावर रोज जाऊन वाट पाठ झालेला माणूस, मग का नाही जाणार? फक्त शेतापर्यंत जायचं असेल तर पैसे वाचवा.

फरक पडतो तो अनोळखी वाटेवर आणि वेगात. स्प्लेंडरच्या इंजिनखाली १६५ मिमी जागा, हिरोच्या एक्सपल्स या ड्युअल-स्पोर्ट गाडीखाली २२०. दगडाच्या टप्प्यावर साध्या गाडीचा शॉकअप तळाला टेकतो आणि धक्का थेट कमरेत येतो. लांब शॉकअप तोच दगड गिळतो. २१ इंची चाक खड्ड्यात पडत नाही, कडेवरून चढून जातं. म्हणून ज्या वाटेवर स्प्लेंडरवाला पहिल्या गिअरमध्ये पाय घासत जातो, तिथे तुम्ही उभे राहून दुसऱ्या गिअरमध्ये जाता. दिवसभर फिरायचं असेल तर संध्याकाळी हा फरक अंगाला कळतो.

३. एक्सपल्स, हिमालयन की केटीएम? एकच नाव सांगा.

पहिली गाडी असेल आणि सातपुड्यात एकट्याने किंवा दोघांनी फिरणार असाल तर एक्सपल्स. कारण वजन. एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची, २०२५ साली आलेली लिक्विड-कूल्ड (इंजिन द्रवाने थंड होणारी) २१० साधारण १६८ किलोची. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे १९६ किलोची. जवळजवळ तीस किलोंचा हा फरक डांबरीवर जाणवत नाही. नाल्याच्या चढणीवर, गाडी आडवी झालेली आणि मदतीला कोणी नाही, तेव्हा जाणवतो.

हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी. तुमची निम्म्याहून जास्त धाव धुळे-नाशिक, जळगाव-संभाजीनगर अशा हायवेवर असेल तर तीच घ्या. एक्सपल्स २०० हायवेवर ऐंशी-नव्वदपर्यंत आनंदात चालते, त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं, आणि समोरून ट्रक आला की ओव्हरटेकचा हिशेब आधी करावा लागतो. केटीएम ३९० एन्ड्युरो आर ताकद आणि वजन दोन्ही बाबतीत उत्तम, पण सीट ८६० मिमी उंच आणि टाकी फक्त ९ लिटरची. तोरणमाळ-धडगावकडे जाताना शहादा किंवा तळोदा सोडण्याआधी टाकी फुल करायची सवय लागते.

किमतीचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. त्यामुळे दोनशेच्या आणि साडेचारशेच्या गाडीतलं अंतर आणखी वाढलं.

माझं मत विचाराल तर तुमच्या ठरलेल्या वाटेवरचे सगळ्यात वाईट पाच किलोमीटर डोळ्यांसमोर आणा आणि त्यांच्यासाठी गाडी निवडा. उरलेला रस्ता कोणतीही गाडी काढते.

४. माझी उंची पाच फूट चार इंच. पाय टेकणार नाहीत, मग?

दोन्ही पाय पूर्ण टेकायची गरज नसते. एका पायाचा चवडा टेकला की पुरे. थांबताना ढुंगण सीटच्या एका बाजूला सरकवायचं. एक्सपल्सची सीट ८२५ ते ८३० मिमी, हिमालयन ४५० ची ८२५ आणि ८४५ अशा दोन खाचांत बसते. जुनी हिमालयन ४११ फक्त ८०० मिमी, बुटक्या माणसाला सोयीची, पण १९९ किलोची.

शोरूममध्ये रिकाम्या उभ्या गाडीवर बसून ठरवू नका. अंगावरच्या वजनाने शॉकअप बसतो आणि गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते. सीटचा फोम कापून घेता येतो. लिंकेज (मागच्या शॉकअपला जोडणारा सांधा) बदलून गाडी खाली करणं शेवटचा उपाय, कारण ज्या उंचीसाठी पैसे मोजले तीच त्यात जाते.

५. वेगळं लायसन्स लागतं का?

नाही. गिअरच्या मोटरसायकलचं नेहमीचं लायसन्स चालतं. नोंदणीही तशीच, जळगावला एमएच-१९, धुळ्याला एमएच-१८, नंदुरबारला एमएच-३९.

६. आमच्याकडे बाभळीचे काटे फार. ट्यूबवाला टायर घेऊन पस्तावणार तर नाही ना?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लोकांना पडत नाही. इथे वेडी बाभूळ बांधाबांधावर आहे, आणि कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पडतात. त्याहून वाईट म्हणजे तूर आणि कपाशी कापल्यावर जमिनीत राहिलेले तिरपे खुंट. विळ्याच्या घावाने त्यांना भाल्यासारखी धार येते आणि टायरची बाजू फाटते. बाजू फाटली की ट्यूब काय नि ट्यूबलेस काय, दोन्ही गेले.

तारांच्या चाकांत बहुतेक गाड्यांना ट्यूबच येते. काट्याने पंक्चर झालं तर ट्यूबलेसला जागेवर पट्टी मारून निघता येतं, ट्यूबसाठी चाक खोलावं लागतं. मात्र दगडावर आपटून रिम वाकली तर ट्यूबवाली गाडी तशीच चालते, ट्यूबलेसची हवा निसटते. शिवाय चौफुलीवरच्या पंक्चरवाल्याचा ट्यूबवर हात बसलेला असतो. एक ज्यादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाकाच्या नटाचा पाना सीटखाली ठेवा. जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढची, २१ इंची घ्या. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही घडी पाडून बसते. मागची मात्र पुढे बसत नाही. घरी अंगणात एकदा चाक खोलून बघा, म्हणजे रानात पहिल्यांदा शिकायची वेळ येणार नाही.

७. कच्च्यावर हवा किती ठेवायची?

डांबरीवर कंपनीने लिहिलेली. माती-वाळूत पाच-सात पीएसआय कमी करा, पकड लगेच सुधारते. पण दगड असतील तर उतरवू नका, आणि ट्यूब असताना अठराच्या खाली जाऊ नका. टायर दगड आणि रिमच्या मध्ये दबला की ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. परत डांबरीला लागताना हवा भरायचीच. कमी हवेचा टायर हायवेवर तापतो, वळणावर डुलतो.

८. पावसाळ्यात काळ्या मातीत जाते का?

पहिल्या दोन पावसांनंतर कोणतीच जात नाही, हे आधी मान्य करा. तापीकाठची काळी कसदार माती ओली झाली की चाकाला थर चढतो, तो मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. पुढचं मडगार्ड उंच असलेल्या गाडीला थोडा जास्त वेळ मिळतो. चाकाला चिकटून खाली आणखी एक मडगार्ड असेल तर काडीने माती उकरत बसावं लागतं. टायरच्या गुठळ्या जेवढ्या मोठ्या आणि विरळ, तेवढी माती झटकली जाते.

जायचंच असेल तर मुरमाड वाटा धरा. सातपुड्याच्या पायथ्याला आणि अजिंठ्याच्या डोंगराकडे मुरूम-दगड जास्त, तिथे पावसात मजा आहे. गाळाच्या शिवारात भर पावसात गाडी घालून शेतकऱ्याची वाट उखडून ठेवू नये. त्यावरून उद्या त्याची बैलगाडी जाणार असते.

उन्हाळ्यातही या मातीचं वेगळं दुखणं आहे. तिला मनगटाएवढ्या भेगा पडतात आणि भेग वाटेच्या दिशेनेच असेल तर पुढचं चाक तिच्यात अडकतं. चाकोरीतून जातानाही हेच: नजर चाकापुढे नाही, लांब ठेवा, हँडल सैल धरा आणि गाडीला तिच्या वाटेने जाऊ द्या. मध्येच बाहेर निघायला गेलात की आडवे.

९. गिरणेच्या वाळूत पुढचं चाक डगमगतं. काय चुकतं?

बहुधा काही चुकत नाही, तिथे ते डगमगतंच. उभे राहा, वजन थोडं मागे, दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि गॅस कमी करू नका. गॅस सोडला की पुढचं चाक रुततं. पुढचा ब्रेक विसरा. रुतलात तर मागचं चाक फिरवून खड्डा करू नका. उतरा, गाडी एका बाजूला आडवी करून चाकांनी पाडलेले खड्डे बुजवा, मग पहिल्या गिअरमध्ये शेजारून ढकलत काढा. वाळूच्या ट्रॅक्टरच्या ताज्या चाकोऱ्या टाळा. त्या खोल असतात, आणि समोरून तोच ट्रॅक्टर येतो.

१०. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर?

थांबायचं. गुडघ्याएवढं वाहतं पाणीसुद्धा माणसासकट गाडी ओढतं, आणि फरशीची कड पाण्याखाली दिसत नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की तापीच्या खालच्या अंगाला, गिरणा धरणातून पाणी सोडलं की गिरणाकाठी, नदीपात्रातल्या वाटा त्या दिवशी विसरा. आभाळ कोरडं असलं तरी.

संथ, उथळ ओढा असेल तर आधी चालत जा. तळ वाळूचा आहे की शेवाळलेल्या दगडांचा, ते पायाला कळतं. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या खाली पाणी हवं. मध्येच इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काम हजारांत जातं. गाडी बाहेर ढकला, स्पार्क प्लग काढा, मग सेल्फ मारून पाणी उडवा, एअर फिल्टर वाळवा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय सुरू करू नका. याचा विम्याशी संबंध आहे. प्रश्न १७ पाहा.

११. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. एअर-कूल्ड इंजिन टिकतं का?

टिकतं. इंजिनाआधी माणूस खलास होतो. एअर-कूल्ड गाडी चालत्या हवेवर थंड होते, म्हणून वाळूत पहिल्या गिअरमध्ये घसटत राहिलात की तापते आणि क्लचचा वास येतो. सावलीत उभी करा, वीस मिनिटं. लिक्विड-कूल्डला रेडिएटरची जाळी चिखल-भुशाने बुजली नाही ना, एवढं पाहा. तुमच्यासाठी नियम असा: उजाडायच्या आत निघा, दहाला सावलीत. पाठीवर पाण्याची पिशवी, त्यात चिमूटभर मीठ-साखर. जाळीचं जॅकेट घाला. उन्हात टी-शर्टवर गाडी चालवली की गरम वारा अंगातलं पाणी शोषतो, घाम आल्याचंही कळत नाही.

१२. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करावं का?

डांबरीवर कधीच नाही. सुट्या मुरमाच्या उतारावर मागचं एबीएस बंद असणं फायद्याचं, कारण मागचं चाक थोडं अडकून घसरलं तर गाडी वळवायला आणि थांबवायला मदत होते. पुढचं चालू राहू द्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. ऑफ-रोड मोड मात्र मॉडेलवर अवलंबून. बऱ्याच गाड्यांत चावी बंद-चालू केली की ते आपोआप पूर्ववत होतं, ही चांगलीच गोष्ट.

१३. शिकायचं कुठे? आणि ‘गाडी पडनी, ते उचलानी कशी?’

दुसरा भाग आधी, कारण पडणार हे नक्की. चावी बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल. पहिला गिअर टाका म्हणजे घरंगळणार नाही. गाडीकडे पाठ करा, सीटला कंबर लावून बसा, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची पकड धरा आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं मागे टाका. पुढे वाकून ओढलं तर कमरेत चमक भरते, आणि ती कायमची राहते.

सरावाला उन्हाळ्यात नांगरटीआधीचं मोकळं रान उत्तम. मालकाला विचारून, आणि खुंट काढलेले बघून (प्रश्न ६). पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी: फुटरेस्टवर उभं राहून हळू चालवणं, मागच्या ब्रेकने चाक अडकवून सरळ थांबणं, आणि उभ्यानेच आठाचा आकडा काढणं. उभं राहताना गुडघ्यांनी टाकी धरा. हातांवर जोर आला तर हँडल उंचावण्याची गरज आहे, असं समजा.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच, १ जून २०२१ पासून दुसरं विकायलाच बंदी आहे. त्यानंतर पैसे घालायचे ते बुटांत. पडलेल्या गाडीखाली घोटा सापडतो, आणि कापडी बूट तिथे काही कामाचा नाही. मग गुडघ्याचे गार्ड, मग हातमोजे.

१४. सातपुड्यात कुठे जाऊ शकतो, कुठे नाही?

सार्वजनिक रस्ता असेल तिथे जाता येतं. तोरणमाळचा घाट, तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाट, रावेरकडून पाल: रस्ता म्हणून हेच भरपूर आहेत. चांदसैलीला पावसात दरडी येतात. जाण्याआधी तळोद्यात चौकशी करा.

यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडचं गौताळा-औट्रमघाट, या तिन्हींच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी घालणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पाटणादेवीही गौताळ्याच्या हद्दीत येते. देवळापर्यंत रस्त्याने जा, तिथून पुढे चालत. इतर वनजमिनीतही वनरक्षकाला विचारून जाणं बरं.

पाड्यांवरून जाताना वेग कमी. तिथे रस्ता म्हणजे लोकांचं अंगण. कोंबड्या, पोरं, वाळत घातलेली मोहाची फुलं, सगळं त्यावरच असतं. आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेतून शॉर्टकट घेऊ नका. ठिबकच्या नळ्या वाटेवर आडव्या असतात, गुठळ्यांच्या टायरने त्या ओढल्या जातात. कापलेले केळीचे खांब कडेला टाकलेले असतात, त्यावर चाक गेलं तर कोणताही टायर घसरतो.

१५. मागे घरची मंडळी बसतील का? दुधाची कॅन बांधता येईल का?

बसतील, पण सीट उंच, अरुंद. साडी नेसून चढणं अवघड. घरात हीच एकमेव गाडी असेल तर आधी बायकोला, आईला शोरूममध्ये बसवून बघा. साडी गार्ड काढू नका, नियमाने ते लागतंच. कॅन एका बाजूला लटकवली तर कच्च्यावर गाडी ओढ घेते. मागे कॅरिअर लावून मधोमध बांधा आणि मागचा शॉकअप एक-दोन खाचा कडक करा.

१६. देखभाल जास्त लागते का? सायलेन्सर, टायर बदलले तर चालतं का?

धूळ हाच शत्रू. कंपनीच्या पुस्तकात एअर फिल्टरसाठी दिलेलं अंतर इथल्या फुफाट्यासाठी नाही. कच्च्यावर फिरून आलात की उघडून बघा. चेन ब्रशने पुसा, ऑइल द्या, पण चिखलात जाण्याआधी जास्त नको, माती चिकटते. लांब शॉकअपच्या गाडीची चेन दिसायला ढिली असते. ताणून घट्ट केली तर खड्ड्यात ती स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते. तारा पेचकसाने वाजवून बघा. बद्द आवाज आला ती ढिली. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलवर सुकलेला चिखल ओल्या कापडाने पुसा, कोरडा खरडू नका.

बदलांबद्दल: बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा), हँडगार्ड, मागचं मोठं स्प्रॉकेट यांनी त्रास होत नाही. टायर त्याच मापाचे आणि रस्त्यावर चालवायला मंजूर असलेले घ्या. निव्वळ मोटोक्रॉसचे टायर ओल्या डांबरीवर निसटतात. आरसीवरच्या माहितीला सोडून गाडी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आवाजाच्या सायलेन्सरचं सांगायला नको, पोलिसांनी ते रोडरोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

१७. रानात पडून नुकसान झालं तर विमा मिळतो का?

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर साध्या पडण्याचा दावा करता येतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणून एखाद्या स्पर्धेत उतरणार असाल तर तिथे संरक्षण नाही. पाण्यात इंजिन जाम होणं हे पुष्कळदा ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारलं जातं; त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का, तेही बघा.

१८. मी सुरतला कामाला, गाडी गावाकडची एमएच-३९. अडचण येईल का?

येण्या-जाण्याला नाही. पण गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त गुजरातमध्येच राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नंदुरबार आरटीओची एनओसी आणि तिथला कर. दर सणाला गाडी घरी आणत असाल तर पेट्रोलच्या पावत्या जवळ ठेवा, नवापूर ओलांडल्यावर विचारणा झाली तर उपयोगी पडतात.

१९. ओळखीचा एक जण परदेशी डर्ट बाइक स्वस्तात देतोय, कागद नाहीत. घेऊ का?

नको. निव्वळ मोटोक्रॉसची गाडी रस्त्यासाठी नोंदवताच येत नाही. ती टेम्पोतून न्यायची आणि बंद ट्रॅकवर चालवायची. गावच्या रस्त्यावर तिने कोणाला धडक दिली तर विमा नाही, सगळी भरपाई तुमच्या खिशातून.

२०. सेकंड हँड घेताना काय बघू?

गाडीखाली झोपा. बॅश प्लेटवर ओरखडे असणं वाईट नाही, इंजिनच्या केसवर वेल्डिंगचं ठिगळ वाईट. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यावर खाच लागली तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा, टकटक आली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत. रिम फिरवून एका जागी बोट धरा, वाकलेली लगेच कळते. फोर्कच्या नळीवर तेलाची रेघ असेल तर सील गेलंय. एअर फिल्टरचा डबा मालकासमोर उघडा. आत बारीक माती सापडली तर ती इंजिनमध्येही गेलीय, तिथे भाव पाडत बसू नका, दुसरी गाडी बघा.